गाडी आली, पण सिग्नल हिरवाच राहिला

पत्र (थोडं आटोपशीर करून)

ताई, नमस्कार. मी भुसावळचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३६ वर्षं काढून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सुट्टीत नात पुण्याहून आली आहे, आता सातवीत जाईल. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी उंबऱ्याबाहेर पाय ठेवता येत नाही. कूलरसमोर बसून ती लॅपटॉपवर स्क्रॅच, म्हणजे मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा, करत होती, मी शेजारी बसलो. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे आणि पडद्यावरचं मांजर चालतं. मलाही हात लावावासा वाटला. मांजर काढून टाकलं आणि गाडी आणली. सिग्नल काढला. रुळाचा एक तुकडा वेगळा केला आणि त्याला लिहिलं, 'जर गाडीचा स्पर्श झाला तर सिग्नलला निरोप दे, लाल हो.' हिरवा झेंडा, म्हणजे सुरू करायचं बटण, दाबला. गाडी जराशी सरकून थांबली. पुन्हा दाबला तर तिथूनच पुढे निघाली. चार-पाच वेळा दाबून ती रुळाच्या तुकड्यावरून गेली खरी, पण सिग्नल हिरवाच. तीन दुपारी यात गेल्या. नात म्हणते, 'आप्पा, द्या इकडे,' दोन मिनिटांत काहीतरी बदलते आणि ते चालतं. काय बदललं ते मला कळत नाही, मी पुन्हा जुनंच करून ठेवतो. मुलगा आयटीत आहे, त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, 'बाबा, ते लहान मुलांचं खेळणं आहे, खरं प्रोग्रामिंग नव्हे. शिकायचंच तर पायथॉन शिका.' घरातून ऐकायला मिळतं, 'कायले डोक्याले ताप करून घेता या वयात?' याला शिकणं म्हणावं का, आणि मी पुढे जावं की सोडावं, तेवढं सांगा.

उत्तर

आप्पा, नमस्कार. नात म्हणते तेच मीही म्हणते, चालेल ना?

मुलाच्या बोलण्याकडे नंतर येते. आधी सिग्नल. माणसाने तीन दुपारी ज्या गोष्टीपाशी काढल्या ती आधी सुटली पाहिजे.

रुळाच्या तुकड्याला तुम्ही दिलेला हुकूम बरोबर आहे. प्रश्न एवढाच की तो हुकूम संगणकाने केव्हा वाचला. झेंडा दाबल्याबरोबर, एकदाच. त्या वेळी गाडी दूर होती, स्पर्श नव्हता. उत्तर 'नाही' आलं, खाली दुसरा ठोकळा नव्हता, रुळाच्या तुकड्याची ड्यूटी संपली. नंतर गाडी खरोखर त्याच्यावर आली तेव्हा पाहायला जागेवर कोणी नव्हतं.

आता तुमचं ट्रॅक सर्किट आठवा. रुळातून करंट सतत वाहतो आणि रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, उचललेला राहतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन रूळ जोडून टाकतात, करंट रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. हे सर्किट 'एकदा पाहिलं आणि घरी गेलं' असं करत नाही. स्क्रॅचमध्ये हा पहारा मात्र मागून घ्यावा लागतो. नारिंगी ठोकळ्यांत 'फॉरएव्हर' नावाचा, पोटात जागा असलेला एक ठोकळा आहे. त्याच्या पोटात तुमचं 'जर' ठेवा. तेही नुसतं 'जर' नको, 'जर - नाहीतर' अशी दोन कप्प्यांची जोडी घ्या. वरच्या कप्प्यात 'लाल हो' हा निरोप, खालच्यात 'हिरवा हो'. सिग्नलच्या बाजूला दोन्ही निरोपांना उत्तर देणारे ठोकळे लागतील, म्हणजे निरोप आला की कॉस्च्युम, सिग्नलचं चित्र, बदलायचा. एवढं केलंत की गाडी आल्यावर तुमचा सिग्नल लाल होईल आणि ती निघून गेल्यावर मोकळा होईल. नात दोन मिनिटांत बहुधा हेच करत असावी.

गाडी मध्येच का थांबली, ते आकड्यांत आहे. ठोकळे जसे मिळतात तसेच ठेवले तर त्यांत '१० पावलं' आणि '१० वेळा' असं आधीच लिहिलेलं असतं. म्हणजे १०० पावलं. स्क्रॅचचा मंच ४८० पावलं रुंद आणि ३६० उंच असतो. शून्य मधोमध, डावं टोक उणे २४०, उजवं टोक अधिक २४०. डावीकडून निघालेल्या गाडीला १०० पावलांत पलीकडचं टोक कसं गाठता येणार? १० ऐवजी ४८ वेळा केलंत तर पोचेल, पण दीड-पावणेदोन सेकंदांत, कारण पडदा सेकंदाला ३० वेळा नव्याने रंगतो आणि प्रत्येक वेळी ती १० पावलं उडी मारते. २ पावलं आणि २४० वेळा करून पाहा. आठ सेकंद लागतील आणि गाडी गाडीसारखी चालेल.

(उणे आकड्यांना बिचकू नका. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने कोरून घेतलेला शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठासाठीचा. १२०७ सालचा. त्या आजोबांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथात धन आणि ऋण संख्यांची गणितं मांडली आहेत. नातीला एकदा तिथे घेऊन जा, थंडीत.)

दुसऱ्यांदा झेंडा दाबल्यावर गाडी तिथूनच पुढे निघाली, ही तिसरी गोष्ट. संगणक गाडी आपणहून मागे आणत नाही. त्याला कशाला वाटेल की ती मागे यायला हवी? तुम्ही पॉइंट, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा सांधा, रिव्हर्सला टाकलात तर तो नॉर्मलला, मूळ जागी, कोणीतरी आणावा लागतो, तसंच हे. झेंड्याच्या अगदी खाली, सगळ्यांच्या आधी, 'एक्स उणे २४० ला जा' हा निळा ठोकळा लावा. आणि सिग्नललाही सुरुवातीला एक ठरलेला रंग द्या. कोणता, ते तुम्हाला मी सांगायचं कारण नाही.

पण यावरून एक सुचवते, कारण ते तुमच्याच धंद्यातलं आहे. निरोप पाठवण्यापेक्षा एक 'व्हेरिएबल', म्हणजे आकडा ठेवायचा नावाचा डबा, करा आणि त्याचं नाव ठेवा 'रिले'. मराठीत नाव चालतं, मी माझ्या वर्गात तसंच करायला लावते. झेंडा दाबला की रिले ०. रुळाचा तुकडा सतत पाहील, आणि गाडी नाही अशी खात्री झाली तरच रिले १ करेल, नाहीतर ०. सिग्नल सतत रिलेकडे पाहील, १ असेल तरच हिरवा, बाकी काहीही असलं तरी लाल. तार तुटली, बॅटरी गेली, काहीही बिघडलं तरी रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो, हे तुम्ही आयुष्यभर सांभाळलंत. शंका आली तर गाडी थांबवायची. आप्पा, प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांना ही सवय लागायला वर्षं जातात. आधी 'सगळं ठीक आहे' असं धरून चालतात आणि मग बिघाड शोधत बसतात. तुमच्याकडे ती आधीपासून आहे.

आता तुमचा प्रश्न, हे शिकणं म्हणावं का.

अट एकदाच तपासली आणि पहारा ठेवला नाही. वेळा आणि पावलं यांचा हिशेब केला नाही. सुरुवातीची स्थिती ठरवली नाही. या तुमच्या तीन चुका. उद्या पायथॉन उघडलंत तरी याच तीन चुका याच क्रमाने होतील. तिथे 'फॉरएव्हर'च्या जागी 'व्हाइल ट्रू' असं टाइप करायचं, 'जर - नाहीतर'च्या जागी 'इफ' आणि 'एल्स'. फरक एवढा की तिथे त्या चुका दिसण्याआधी विसरलेलं अपूर्णविराम चिन्ह, कमीजास्त सोडलेली जागा आणि न मिटलेला कंस यांच्याशी झगडावं लागेल. म्हणजे तीन दुपारी गेल्या असत्या आणि सिग्नलचा विचार सुरूही झाला नसता.

हे मी अनुभवावरून सांगते. मी संगणक शिकले तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी एक क्लास होता. आठवडाभर फळ्यावरचे बेसिक नावाच्या भाषेतले प्रोग्राम वहीत उतरवायचे आणि शनिवारी प्रत्येकाला दहा मिनिटं मशीन मिळायचं. माझ्या पहिल्या शनिवारी मी वहीतून बघून बघून एकेक अक्षर टाइप केलं आणि पडद्यावर 'सिंटॅक्स एरर', म्हणजे लिहिण्यात चूक, असं आलं. एक अवतरण चिन्ह राहिलं होतं. मला ते सापडलं नाही, सरांना वेळ नव्हता, दहा मिनिटं संपली. पुढच्या शनिवारी वेगळंच काहीतरी चुकलं. डोकं आपल्याला कमीच, असं मी त्या वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि ते मनातून जायला फार दिवस लागले. त्या दहा मिनिटांत मी विचारात चुकलेच नव्हते, विचार करायची पाळीच आली नव्हती. म्हणून कोणी ठोकळ्यांना हलकं म्हणालं की मला राहवत नाही.

ठोकळ्यांचे आकार पाहिलेत का नीट? प्रश्न विचारणारे ठोकळे षटकोनी, आकडा किंवा शब्द देणारे गोलसर कडांचे, हुकूम देणारे वर खाच आणि खाली दात असलेले. 'जर'च्या पुढची खाच षटकोनी आहे, तिथे हुकूम बसवायला गेलात तर बसतच नाही. तुम्ही जुनी लिव्हर फ्रेम, पॉइंट आणि सिग्नल हलवायच्या दांड्यांची चौकट, पाहिली असणारच. पॉइंट लागलेला नसेल तर सिग्नलचा लिव्हर ओढलाच जात नाही, कितीही जोर लावा. ठोकळ्यांची खाच हे तसलंच इंटरलॉकिंग आहे. चुकीची जोडणी होऊच देत नाही. आणि इंटरलॉकिंग जे करू शकत नाही ते खाचही करू शकत नाही. नागपूरची गाडी इटारसीच्या मार्गावर घ्यायचं कोणी ठरवलंच, तर इंटरलॉकिंग तिला सुरक्षित इटारसीकडेच पाठवेल. कुठे पाठवायची, हे डोक्याचं काम. ठोकळे ते तुमच्यावरच सोडतात, आणि प्रोग्रामिंग म्हणतात ते त्या कामाला.

मुलाचा राग धरू नका. तो रोज टाइप केलेल्या कोडमध्ये जगतो, तिथून त्याला हे लहान दिसत असेल. त्याचं एक म्हणणं खरंही आहे. ठोकळ्यांनी मोठा प्रोग्राम करायला गेलात तर पडदा भरून जातो, शोधाशोध होते, आणि नोकरीत कोणी स्क्रॅच मागत नाही. पण चित्राने लिहिलेला प्रोग्राम म्हणजे खेळणं, हे मात्र बरोबर नाही. त्याला 'लॅडर डायग्राम'बद्दल विचारा. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना भिंतभर रिलेंची कपाटं काढून त्या जागी एक छोटा संगणक बसवायचा होता. अडचण अशी की कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनांना प्रोग्राम लिहिता येत नव्हता, त्यांना रिलेचे नकाशे वाचता येत होते. मग संगणकालाच रिलेचा नकाशा वाचायला शिकवलं. दोन उभ्या रेषा, मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या, त्यांवर कॉन्टॅक्ट आणि कॉइल या रिलेच्या भागांच्या खुणा. पडद्यावर हा नकाशा काढला की तोच प्रोग्राम. त्या यंत्राला पीएलसी म्हणतात आणि जगभरचे कारखाने आजही त्यावर चालतात. तुमच्यासारख्या माणसांसाठीच ती भाषा बनली, आप्पा. तुम्ही ती पहिल्या दिवशी वाचाल, तुमच्या मुलाला वेळ लागेल.

स्क्रॅचचा वंश वेगळा, पण तोही वडीलधारा आहे. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो नावाची भाषा केली. तिच्यातलं कासव 'पुढे १००, उजवीकडे ९०' असे हुकूम ऐकून रेघा काढायचं. पेपर्टांच्याच तालमीतले मिचेल रेस्निक यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये आपल्या गटाबरोबर स्क्रॅच तयार केलं, ते २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. लोगोपासूनची एक युक्ती तुम्हाला आज कामाला येईल. मूल अडलं की त्याला सांगायचं, ऊठ, तूच कासव हो आणि हुकूम वाचत चाल. संध्याकाळी ऊन उतरलं की अंगणात नातीला गाडी करा. तुम्ही रुळाचा तुकडा व्हा आणि घरातल्यांना सिग्नल करा. नातीने आधी तुमचा जुना प्रोग्राम मोठ्याने वाचावा, त्यात लिहिलंय तेवढंच करायचं, एक अक्षर जास्त नाही. झेंडा पडला की तुम्ही एकदा पाहाल, 'गाडी नाही' म्हणाल आणि तुमचं काम संपलं म्हणून खाटेवर जाऊन बसाल. गाडी तुमच्यासमोरून निघून जाईल. 'फॉरएव्हर' म्हणजे काय ते मग कोणी समजावून सांगावं लागणार नाही. आणि ज्यांनी 'डोक्याले ताप' म्हटलं त्यांना हातात लाल-हिरवं फडकं देऊन पाहाच.

नातीचं 'द्या इकडे' मात्र थांबवायला हवं. ती प्रेमाने करते, पण माऊस हातातून गेला की शिकणंही जातं, मग शिकणारा सहा वर्षांचा असो की साठीचा. मी वर्गात एकच नियम कडक पाळते. ज्याचा प्रोग्राम त्याचाच हात, शेजाऱ्याने फक्त तोंडाने बोलायचं, आणि तेही प्रश्न विचारायचा. 'आप्पा, हा ठोकळा कितीदा वाचला जाईल?' एवढंच तिने विचारलं असतं तर तुमचा सिग्नल पहिल्याच दुपारी लाल झाला असता. तिला हा नियम सांगा आणि तिच्या प्रोग्रामला तुम्हीही हात लावू नका. सांगताना आवाज चढवू नका, सगळीच नातवंडं आजोबांना शिकवायला बसत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की ती बदल करते आणि तुम्ही पुन्हा जुनंच करून ठेवता. हे वाचून मला फार बरं वाटलं. न कळलेलं चालू ठेवण्यापेक्षा कळलेलं बंद पडलेलं बरं, असं वाटणारा माणूस शिकतोच. फक्त एक काळजी घ्या. तिने बदल केला की फाइल वेगळ्या नावाने ठेवायला सांगा, 'गाडी १', 'गाडी २' अशी. मग दोन्ही उघडून कुठला ठोकळा वेगळा आहे ते शोधता येतं. जुन्या आणि नव्या ड्रॉइंगमधला फरक शोधल्यासारखंच.

जूनमध्ये ती लॅपटॉप घेऊन जाईल, त्याचीही आत्ताच तजवीज करा. इंटरनेट नसतानाही चालणारं स्क्रॅच फुकट मिळतं, घरात किंवा भाच्या-पुतण्यांकडे पडून असलेल्या बऱ्यापैकी विंडोज संगणकावर ते टाकून घेता येईल. फोनवर करायला जाऊ नका, पडदा लहान पडतो, ठोकळा बोटाखाली दिसत नाही आणि दोष मात्र स्वतःला देऊन बसाल. फाइल संगणकात ठेवता येते आणि ईमेलने पाठवता येते. रविवारी तिने तुमची उघडायची, तुम्ही तिची. महागडे क्लास लावायची गरज नाही, तुम्हालाही आणि तिलाही.

पायथॉन केव्हा? माझं मत विचाराल तर, स्वतःच्या मनातली एक गोष्ट ठोकळ्यांत पूर्ण झाली की. एकच, पण अपुरी नको. त्या दिवशी मुलाला फोन करा आणि सांगा, 'माझा हा सिग्नल आता पायथॉनमध्ये कसा लिहायचा ते दाखव.' काय लिहायचं ते तुम्हाला माहीत असेल, कसं लिहायचं तेवढं तो दाखवेल. तोवर त्याला पायथॉनबद्दल काही विचारू नका, तुमचा वेग बिघडेल.

आणि ती पूर्ण करायची गोष्ट कोणती, तर दुसरी गाडी. सध्या तुमच्या पडद्यावर एकच गाडी आहे आणि सिग्नल लाल होऊनही तिला काही फरक पडत नाही, ती आपली चालतेच. सावदा-रावेरकडून केळी भरून दिल्लीला निघालेली एक मालगाडी मागून आणा. पुढची गाडी रुळाच्या तुकड्यावर आहे तोवर तिने सिग्नलपाशी उभं राहायचं आणि रिले उचलला की निघायचं. आता २४० वेळा मोजून चालणं उपयोगाचं नाही, कारण थांबल्यावर मोजणीचं काय होईल ते तुम्हीच पाहाल. 'जर' कोणाच्या पोटात जायला हवं, गाडीच्या की सिग्नलच्या, यावर नातीचं आणि तुमचं भांडण होणार हे नक्की. काय ठरलं ते मला कळवा, आणि पत्रासोबत दोघांच्याही फाइली पाठवा.